नव्या आईचं कपाट : काय विकत घ्यायचं, काय उसवून घ्यायचं

बाळ झाल्यावर निदान सहा महिने आईच्या कपड्याची एकच परीक्षा असते : रात्री अंधारात, अर्धवट झोपेत, एका हाताने तो उघडता आणि लावता आला पाहिजे. रंग, काठ, फिटिंग सगळं त्यानंतर. ‘फीडिंग कुर्ता’ म्हणून तयार मिळणारे पुष्कळ कुर्ते इथेच नापास होतात. चेन आखूड, रनर नखाएवढा आणि कापड पॉलिस्टरचं. तेव्हा तयार कुर्ते फार तर दोन घ्या आणि कपाटातल्याच तीन-चार सुती कुर्त्यांना चेन लावून घ्या. कोपऱ्यावरचा अल्टरेशनवालाही हे काम करू शकतो, फक्त त्याला नेमकं सांगावं लागतं.

चेन लावून घेताना

कुर्ता प्रिन्सेस कटचा निवडा, म्हणजे खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून छातीवरून खाली येणारी उभी शिवण असलेला. ती शिवण उसवून तिथेच चेन बसते, कापड कापावं लागत नाही. छातीत तो सध्याच्या मापापेक्षा तीनेक इंच सैल हवा. साध्या कुर्त्याला मधोमध चीर देऊन चेन लावू नका. सुती कापडाचे धागे सुटतात आणि दहा-बारा धुण्यांत चेन बाजूने उसवते. अशा कुर्त्याला बाजूच्या शिवणीत, बगलेच्या दोन इंच खालून चेन लावता येते. पाजताना कापड जरा ओढलं जातं, पण घरात चालून जातं.

प्रत्येक कुर्त्याला 10 इंची दोन इनव्हिजिबल चेन, म्हणजे शिवणीत लपून राहणाऱ्या, लागतात. नायलॉनच्याच घ्या, धातूचे दात टोचतात. कुर्ता नवा असेल तर शिवायला देण्याआधी दोनदा धुवा. चेनची पट्टी आटत नाही, सुती कापड आटतं. न धुता शिवलं की पहिल्या धुण्यानंतर चेन नागमोडी होऊन छातीवर फुगते.

खुणा करताना फीडिंग ब्रा घालून, कुर्ता चढवून खाली बसा. उभ्याने केलेली खूण बसल्यावर दीड-दोन इंच सरकते, आणि पाजायचं तर बहुतेकदा बसूनच असतं. छातीच्या टोकाशी खडूने खूण करा. तिथून 3 इंच वर आणि 5 इंच खाली, एवढी 8 इंचांची शिवण उसवायची. चेनची उरलेली लांबी आत राहते. दोन्ही टोकांना उलटसुलट टाका मारून घ्यायला सांगा, नाहीतर उसवण पुढे पळत जाते. मलमल किंवा वॉइलसारखं पातळ कापड असेल तर शिवणीला आतून इंचभर रुंदीची पेस्टिंगची (कापडाला कडकपणा देणाऱ्या अस्तराची) पट्टी इस्त्रीने चिकटवून मग चेन लावायची.

कुर्त्याला अस्तर असेल तर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. चेन फक्त वरच्या कापडाला बसते आणि आत अस्तर जसंच्या तसं राहतं. शिवायला देतानाच ‘अस्तरसुद्धा उसवून चेनला जोडा’ असं सांगा. शिवाय चेनच्या आतल्या बाजूला दीड इंच रुंद मलमलची झाकपट्टी हवी, म्हणजे दात आईच्या अंगाला आणि बाळाच्या गालाला घासणार नाहीत. ती एकाच कडेने शिवायची. दोन्ही कडांनी शिवली तर चेन उघडून उपयोग काय? रनरला अर्धा इंच रिबन शिवून घ्या. मणी किंवा लटकन नको, ते सुटलं की बाळाच्या तोंडात जातं.

आणताना दुकानातच डोळे मिटून एका हाताने उघडून बघा. अडकत असेल तर तिथेच परत द्या.

साडी आणि बारसं

पुढून हुकाचा ब्लाउज हा पाजायला सगळ्यात सोयीचा. पाठीमागे हुक किंवा दोऱ्या असलेले ब्लाउज वर्षभर वरच्या फडताळात टाका. बाराव्या दिवशी बारसं असेल तर जुना ब्लाउज आठवडाभर आधीच काढून बघा. त्या सुमारास छाती भरलेली असते आणि नेहमीचं माप बसत नाही. आत शिवणीत दाब, म्हणजे जादा कापड, ठेवलेला असेल तर दोन्ही बाजूंनी इंच-इंच सोडवता येतो. घट्ट ब्लाउज दिवसभर अंगावर राहिला की दूध साचून गाठ होते. गाठ लाल, दुखरी झाली आणि ताप आला तर थेट डॉक्टरांकडे जा.

साडी मऊ सुती किंवा हलक्या काठाची नेसा. पैठणीचा जरीचा पदर बाळाच्या गालाला कानशीसारखा लागतो. पैठणी नेसायचीच असेल तर बाळ ज्या खांद्यावर घेणार तिथे मलमलचं दुपटं टाका. पदराची पिन खांद्याच्या मागच्या उतारावर लावा.

सिझेरियन झालेलं असेल तर सलवारीची नाडी नेमकी टाक्यांवर येते. सहा-आठ आठवडे नाडी बाजूला काढा, किंवा टाक्यांच्या वर बसेल असं दोन इंच रुंद इलॅस्टिक घालून घ्या. परकराचंही तेच, गाठ कडेला.

ब्रा, पॅड आणि बाकीचं

आठव्या-नवव्या महिन्यात फीडिंग ब्रा दोनच घ्या. त्या सगळ्यात सैल हुकावर बरोबर बसायला हव्यात, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो आणि आतल्या हुकांवर जाता येतं. कपात गळणारं दूध टिपणाऱ्या पॅडपुरती जागा ठेवा. तार असलेली नको. बाकीच्या सहा आठवड्यांनी, माप स्थिरावल्यावर.

पॅड घरी सहज होतात : चार-साडेचार इंचांचे गोल, आत मलमल, मध्ये टॉवेलचा तुकडा, बाहेर सुती कापड, कडेने शिवण. सहा जोड्या पुरतात. विकतच्या पॅडला मागे प्लॅस्टिकचा थर असेल तर ओल आतच राहते आणि खाज सुटते. पॅड आणि लंगोट धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका. त्याने कापडाची शोषण्याची ताकद जाते.

दागिन्यांत लांब मंगळसूत्र आणि झुमके तीन-चार महिन्यांनी आपोआप बाद होतात, कारण तोवर बाळाची मूठ बरोबर तिथे पोचते. आखूड मंगळसूत्र घाला, पण पोत तुटकी नाही ना हे बघा. सुटा काळा मणी घशात अडकू शकतो. याच सुमारास आईचे केस गळायला लागतात. ते परत येतात, त्यामुळे महागड्या तेलांवर पैसे घालवू नका. केस मात्र क्लचरने वर बांधा आणि बाळाच्या पायमोज्यांत, बोटांच्या बेचक्यात गळलेला केस गुंडाळला नाही ना हे रोज आंघोळीला बघा. तो बोटाला करकचून आवळतो आणि बोट सुजेपर्यंत कळत नाही.

तुळशीबागेची एक फेरी

पुण्यात चेन, रिबन, हुक आणि बटणं रविवार पेठेत, मलमल आणि ब्लाउजपीस लक्ष्मी रस्त्यावर, क्लचर आणि किरकोळ वस्तू तुळशीबागेत. सगळं एका फेरीत होतं. सकाळी अकराच्या आसपास निघा. दुपारी पेठांतली काही दुकानं अजूनही वामकुक्षीसाठी बंद असतात आणि संध्याकाळी बोळांत पाय ठेवायला जागा नसते. सणांच्या आधीचे आठवडे टाळाच. 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो भुयारातून स्वारगेटपर्यंत जाते, आणि मंडई स्टेशन तुळशीबागेच्या अगदी जवळ आहे. कोथरूडकडून वनाज, आनंदनगर किंवा नळस्टॉपला बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदला. बाबागाडी मात्र घरी ठेवा. तुळशीबागेत ती वळतही नाही.

बाळ घरी राहणार असेल तर निघायच्या आधी पाजा आणि दोन तासांत परत या. जास्त वेळ लागणार असेल तर दूध काढून ठेवा. 25 अंशांपर्यंतच्या तापमानाला ते चार तास टिकतं, पण चैत्र-वैशाखात पुण्यातलं घर त्याहून गरम असतं, म्हणून काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही तर आत मागे. तिथे ते चार दिवस चालतं. द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात धरून गरम करायचं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल असं गरम होतं. वाटी-चमच्याने पाजा आणि उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

पिशवीत स्वतःसाठी एक जादा कुर्ता, लिटरभर पाणी आणि मोठी सुती ओढणी ठेवा. वेगळं फीडिंग कव्हर घ्यायची गरज नाही. ओढणीची दोन टोकं मानेमागे बांधली की काम होतं, आणि उन्हाळ्यात बाळाला आत वाराही लागतो.