कलेत मास्टर्स करायचंय? आधी जाहिराती वाचा

बी.ए. किंवा बी.एफ.ए. झालं की घरून 'आता पुढे काय?' सुरू होतं आणि आपण घाईघाईने कुठला तरी फॉर्म भरून मोकळे होतो. त्याआधी एक करा. ज्या नोकरीवर डोळा आहे, तिच्या चार-पाच जाहिराती काढा आणि 'शैक्षणिक पात्रता' नीट वाचा.

कॉलेजात शिकवायचं असेल तर मास्टर्सला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. वर्षभराचा पीजी डिप्लोमा तिथे चालत नाही, संस्था कितीही नावाजलेली असो. चित्रकलेसाठी मुंबईच्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं एम.एफ.ए. आहेच. फक्त २०२३ मध्ये जे.जे. अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे प्रवेशाबद्दल जुन्या सिनियर्सच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

मी म्युझियॉलॉजीकडे, म्हणजे संग्रहालयशास्त्राकडे वळले. संग्रहालय म्हणजे एसीत बसून कलेवर गप्पा, असं वाटत असेल तर कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेची नोंद, काय असते ते ऐका. स्टोअरमध्ये पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. शाईचा ठिपका पडला तर निघत नाही. समोर एक जुनं चित्र. कागद कुठे पिवळा पडलाय, कड कुठे आणि किती मिलिमीटर फाटलीय, कसर लागलीय का, आधी कोणी सेलोटेप चिकटवलीय का (हटकून चिकटवलेली असते!), सगळं नोंदवायचं. चित्र तुम्हाला आवडलं का, हे कोणी विचारत नाही. यात दिवस मजेत जात असेल, तर डिप्लोमाही पुष्कळ कामी येतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा अभ्यासक्रम चालतो.

नाटकवाल्यांचं गणित वेगळं. ऑडिशनला मार्कशीट कोणी बघत नाही. तरी मुंबई विद्यापीठाच्या, कलिन्यातल्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सची दोन वर्षं मला फुकट वाटत नाहीत. अभिनयासाठी गेलेल्यालाही नेपथ्य, प्रकाशयोजना शिकावी लागते आणि पुढे कामासाठी फोन येतो तो बहुतेक वेळा बॅचमधल्याच कोणाचा तरी.

डिझाइनकडे कल असेल तर पवईच्या आयआयटीतलं डिझाइन स्कूल, आयडीसी. त्यासाठी सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

कुठेही प्रवेश घेण्याआधी नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठा. इंटर्नशिपचे पैसे मिळाले का, सरळ विचारा. फीशिवायचा खर्चही विचारा. कॅनव्हास, रंग, फ्रेमिंग यांचा आकडा माहितीपत्रकात नसतो.