एकाच स्विचवर व्हीआरएफ आणि रूट लीकिंग: आरडी विसरा, आरटी बघा

महापे नाहीतर वागळे इस्टेटला एका बिल्डिंगमध्ये दोन कंपन्या, कोअर स्विच एकच, आणि दोघींना लागणारा डीएनएस सर्व्हरही एकच. दोघींनी एकमेकींना दिसायचं नाही, सर्व्हर मात्र दोघींना दिसला पाहिजे. त्यासाठी व्हीआरएफ, म्हणजे एकाच स्विचमधली वेगवेगळी राउटिंग टेबलं, आणि रूट लीकिंग, म्हणजे त्यातले निवडक रूट एकमेकांना देणं. सिस्को कॅटॅलिस्ट धरून सांगतो. ९३०० असेल तर नेटवर्क ॲडव्हांटेज लायसन्स आहे ना ते आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

अल्फा आणि बीटा (दोन कंपन्यांचे) आणि कॉमन (सर्व्हरचा) असे तीन व्हीआरएफ बनवा, प्रत्येकाला वेगळा आरडी (रूट डिस्टिंग्विशर) द्या. मग प्रत्येक एसव्हीआयवर (म्हणजे व्हीलॅनच्या, स्विचमधल्या वेगळ्या आभासी नेटवर्कच्या, राउटिंग इंटरफेसवर) 'व्हीआरएफ फॉरवर्डिंग' टाका. ही कमांड मारली की त्या इंटरफेसचा आयपी उडतो, तो परत टाकायचा. ज्या एसव्हीआयवरून एसएसएच (रिमोट लॉगिन) करून बसलाय त्यालाच घरून हात लावलात तर रात्री रिक्षा करून साइटवर जावं लागेल, म्हणून कन्सोल केबल लावूनच करा.

आता लीकिंग. बहुतेक लोक इथेच अडकतात, मलाही हे सगळ्यात उशिरा डोक्यात शिरलं. 'आरडी सारखा ठेवला की रूट शेअर होतात' असं कोणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा. आरडी फक्त दोन व्हीआरएफमधले सारखे प्रीफिक्स (नेटवर्कचे पत्ते) वेगळे ओळखायला असतो, कोणाचा रूट कोणी उचलायचा ते आरटी (रूट टार्गेट, रूटला लावलेलं लेबल) ठरवतो. अल्फा एक्स्पोर्ट करणार ६५०००:१, बीटा ६५०००:२, कॉमन ६५०००:९९. अल्फा आणि बीटा दोघांनी ९९ इम्पोर्ट करायचा, आणि कॉमनने १ आणि २ दोन्ही. हे दुसरं अर्धं हमखास राहतं, मग पॅकेट सर्व्हरपर्यंत जातं पण उत्तराला परतीचा रूटच नसतो आणि माणूस तासभर फायरवॉलला शिव्या घालत बसतो. अल्फाचे रूट कॉमनमार्गे बीटात घुसतील का ही भीती नको, इम्पोर्ट केलेला रूट कॉमन पुढे एक्स्पोर्ट करत नाही.

नुसते आरटी लिहूनही काही हलत नाही, कारण ही देवाणघेवाण बीजीपी हा राउटिंग प्रोटोकॉल करतो. शेजारी (बीजीपी बोलणारा दुसरा राउटर) एकही नसला तरी 'राउटर बीजीपी ६५०००' हवाच, आणि त्यात प्रत्येक व्हीआरएफच्या ॲड्रेस-फॅमिलीखाली 'रिडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड'. मग 'शो आयपी राउट व्हीआरएफ अल्फा' मारा, सर्व्हरच्या सबनेटपुढे सी (कनेक्टेड) नाही, बी (बीजीपी) दिसला पाहिजे.

दोन्ही कंपन्यांकडे १९२.१६८.१.०/२४ असेल तर लीकिंग करूच नका. वेगळे व्हीआरएफ आहेत तोवर चालतं, पण कॉमनला परतीचा एकच रस्ता निवडावा लागतो आणि दुसरी कंपनी बंद पडते. एकीचा सबनेट बदलून घ्या, जमत नसेल तर नॅट (पत्ते बदलून पाठवणं).

टेस्ट स्विचवरून पिंग मारून उरकू नका, त्या व्हीलॅनमध्ये लॅपटॉप लावून करा. अल्फातून बीटाला पिंग गेलं नाही हेही तपासा, मगच सेव्ह.