एका प्लायमधून सुतारकामाचं टेबल

सुतारकाम शिकायला लागलं की पहिले पैसे रंध्यावर आणि पटाश्यांवर जातात. पण फळी ज्यावर ठेवून रंधायची तेच डुगडुगत असेल तर चांगला रंधाही उड्या मारतो. म्हणून आधी टेबल करा. ते जड हवं आणि लांबीच्या दिशेने ढकललं तर हलता कामा नये. दिसायला कसंही चालेल.

8×4 फुटी, 19 मिमीचा एक कमर्शियल प्लाय घ्या. टेबल पावसात भिजणार नसेल तर मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवर खर्च करू नका. घेताना प्लायवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत गॅप आहे. त्याचे 4×2 फुटी चार तुकडे दुकानातच कापून घ्या. तीन एकावर एक चिकटवले की सव्वादोन इंच जाडीचा माथा होतो. चौथ्याचा खालचा कप्पा.

पायांसाठी 3×2 इंची पाइन 32 रनिंग फूट (म्हणजे एकूण लांबी) आणि लांबीच्या आडव्या पट्ट्यांसाठी 4×2 इंची 7 फूट, म्हणजे साधारण पावणेदोन घनफूट. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड स्वस्त पडतं, मात्र रंधण्याआधी प्रत्येक खिळा शोधून काढा. लाकडावरच्या शिक्क्यात ‘एमबी’ असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडने धुरावलेलं असतं, घेऊ नका. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं. पीळ पडलेला नग परत करा, पीळ बोल्टने सरळ होत नाही.

खरी मेहनत पायात आहे, आणि इथेच नवखे लोक अवघड सांधे करायला जातात. त्याची गरज नाही. प्रत्येक पाय दोन थरांचा करा. बाहेरचा थर 31¾ इंचाचा अखंड. आतल्या थरात खालून 6 इंची ठोकळा, मग 3 इंच मोकळी जागा, मग 19¾ इंची ठोकळा, वर पुन्हा 3 इंच मोकळे. या मोकळ्या जागांत 24 इंची आडवी लाकडं फेविकॉल लावून बसतात आणि वजन स्क्रूवर न येता लाकडावर येतं. वखारीतला 3×2 रंधल्यावर दोन सूत (पाव इंच) तरी कमी भरतो. म्हणून मोकळी जागा टेपने मोजू नका, प्रत्यक्ष लाकूड ठेवून आखा. दोन पाय आणि दोन आडवी लाकडं मिळून एक चौकट होते. दोन्ही चौकटी गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने) तपासा.

चौकटी 40 इंची लांब पट्ट्यांनी जोडा. पट्टी खालच्या आडव्या लाकडावर टेकवून पायाच्या आतल्या बाजूला लावायची. प्रत्येक सांध्याला 10 मिमी जाडीचे, 6 इंची दोन बोल्ट, वायसरसकट, तिरक्या रेषेत. एकच बोल्ट टाकला तर तो सांधा बिजागरीसारखा फिरतो. बहुतेक टेबलं इथेच डुगडुगतात. बोल्ट काढले की टेबल सुटं होऊन जिन्यातूनही जातं.

माथा चिकटवताना जमीन सपाट हवी. उंचसखल फरशीवर चिकटवलेला माथा तसाच पिळलेला राहतो, मग काही इलाज नाही. आधी खाली चार-पाच लाकडं ठेवून त्यांवर दोरा ताणून बघा. एका वेळी एकच थर. फेविकॉल पूर्ण पसरवा, दर 6 इंचांवर 32 मिमीचे स्क्रू मारून दाबा. 24 तासांनी सगळे स्क्रू काढा. राहिलेला एखादा स्क्रू पुढे भोक पाडताना बिटची धार घालवतो. माथा चौकटींवर एल क्लिपने (काटकोनात वळवलेल्या धातूच्या पट्टीने) धरा.

व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरायचा शिकंजा, नंतर घेतला तरी चालेल. डाव्या टोकाजवळ 19 मिमीची दोन भोकं पाडा, त्यांत लाकडी खुंट्या ठोका. फळी त्यांना टेकवून रंधता येते. भोकं आडव्या लाकडावर येऊ देऊ नका. ड्रिल हाताने सरळ राहत नाही, भोक असलेला ठोकळा क्लॅम्पने धरून त्यातून बिट घाला.

34 इंच उंची मध्यम चणीच्या माणसाला जमते. सरळ उभं राहून हात खाली सोडा; माथा मनगट आणि बोटांच्या पेरांच्या मधे आला पाहिजे. जास्त झाला तर पाय कापा, कारण उंच टेबलावर रंधताना अंगाचा जोर लागत नाही, नुसते खांदे दुखतात.

खालच्या कप्प्यात विटा रचा, पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवा. पावसाळ्यात केलेल्या टेबलाचं लाकूड दिवाळीनंतर सुकून आकसतं, तेव्हा सगळे नट एकदा पान्याने आवळा.