रानात गुरं चरतात, मग फुलांचं आणि रानमाश्यांचं काय होतं? स्वतः मोजून बघायची साधी पद्धत

जंगलात गुरं सोडावीत की नाही यावर भांडणं भरपूर होतात आणि दोन्हीकडची माणसं एकदम ठाम असतात, पण यातल्या किती जणांनी एखाद्या फुललेल्या झुडपापाशी दहा मिनिटं गप बसून कोण येतंय कोण जातंय ते बघितलंय असं विचारलं की सगळे इकडंतिकडं बघायला लागतात. म्हणून हे लिहितोय. सायंटिस्ट असायची गरज नाही, सुतळी, वही, मोबाइल आणि थोडा पेशन्स एवढ्यावर काम होतं.

आधी रानात नेमकं काय घडतं ते समजून घ्या, नाहीतर काय मोजायचं तेच कळणार नाही. गुरं फुलं खातात हे दिसतंच, पण तो परिणामाचा छोटा भाग झाला. जगात माहीत असलेल्या माश्यांच्या, म्हणजे मधमाशीच्या गोतावळ्यातल्या, प्रजाती २० हजारांच्या वर आहेत आणि पेटीत पाळतात ती त्यातली एखाद-दुसरीच, बाकी सगळ्या रानमाश्या, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, पोळं नाही राणी नाही, मादी एकटीच जमिनीत बारीक बीळ करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि बीळ बुजवते. आता त्याच जमिनीवरून रोज शंभर खूर गेले तर काय होईल विचार करा. माती दगडासारखी घट्ट होते, बीळ पोखरता येत नाही, आधीचं असलं तर चेंगरतं. पण उलटंही होतं बरं का, गवत आणि पालापाचोळा दाट साचला तर या माश्यांना उघडी, ऊन लागणारी माती मिळतच नाही, तिथं गुरांच्या पायवाटेच्या कडेला मोकळी झालेली जागा त्यांना आवडते. काही माश्या वाळक्या पोकळ काड्यांत घर करतात, त्या काड्या गुरांनी मोडल्या की त्यांचा संसार संपला. म्हणजे एकाच कळपामुळं एका माशीचं भलं होतं आणि दुसरीचं वाटोळं.

दुसरी गोष्ट म्हणजे जनावर निवडून खातं. शेंगावर्गीय, कोवळी, गोड पाल्याची झाडं आधी जातात आणि काटेरी, कडू, वासाची, विषारी मागे राहतात. मग होतं काय, की भरपूर चरलेल्या रानातही फुलं भरपूर दिसतात, फोटो मस्त येतो, आणि आपण म्हणतो की बघा काही झालेलं नाही. नीट बघितलं तर ती सगळी फुलं दोन-तीन जातींचीच असतात, टणटणीसारखी, जिला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. लांब सोंडेची फुलपाखरं तिथं खूश असतात, पण ज्या माशीला ठरावीक एका कुळातलेच पराग चालतात तिला त्या गर्दीत खायला काहीच नसतं. सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, मीपण पहिल्या वर्षी फसलो, वहीत नुसतं ‘फुलं: खूप’ असं लिहून ठेवलं होतं, त्याचा नंतर काडीचा उपयोग झाला नाही.

जनावर कोणतं यानंही फरक पडतो. गाय-बैल जिभेनं गवत वेढून ओढतात, अगदी जमिनीलगत खाऊ शकत नाहीत. मेंढी बारीक ओठांनी फुलं वेचून खाते आणि मुळापर्यंत कातरते. शेळी झुडपं आणि झाडाचा पाला ओरबाडते, मागच्या पायांवर उभी राहून. त्यामुळं ‘५० जनावरं चरतात’ या वाक्याला तसा अर्थ नाही, ५० काय ते लिहा.

आता कामाला लागू. पहिलं काम जागा निवडणं, आणि माझ्या मते निम्मा अभ्यास इथंच ठरतो. कमीत कमी तीन प्रकारच्या जागा पाहिजेत, जास्त चरलेली, मध्यम आणि जवळजवळ न चरलेली. पाणवठ्याजवळ किंवा गुरं बसतात तिथं दाब सगळ्यात जास्त असतो आणि लांब जाल तसा कमी होतो, त्यामुळं पाणवठ्यापासून सरळ रेषेत लांब लांब जागा घेतल्या तरी चालतं. फक्त झाडांची सावली, उतार आणि माती सारखी ठेवायचा प्रयत्न करा, कारण दाट सावलीतली न चरलेली जागा आणि उघड्यावरची चरलेली जागा यांची तुलना केली तर तुम्ही चराई नाही, ऊन मोजताय. प्रत्येक प्रकारच्या तीन-चार तरी जागा घ्या, एकेका जागेवरून काही ठरत नाही. आणि जागांमध्ये निदान अर्धा किलोमीटर अंतर ठेवा, बारीक रानमाश्या घरापासून साधारण काहीशे मीटरच फिरतात, जागा जवळजवळ घेतल्या तर तीच माशी तुम्ही दोन्हीकडं मोजाल.

गुराख्याला विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. कुठं कधी कळप जातो, कोणतं झाड जनावर आधी खातं, पूर्वी कुठली फुलं असायची आणि आता दिसत नाहीत, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. विचारताना मात्र चौकशी करायला आलोय असा आव आणू नका, तो गप्प बसेल आणि बरोबरच आहे त्याचं.

चराई किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, शेण मोजा. ५० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा चालत जायचं आणि पोवटे, लेंड्यांचे ढीग मोजायचे, जुनं-ताजं वेगळं लिहायचं. सोबत गवताची उंची दहा ठिकाणी पट्टीनं, आणि खाल्लेले शेंडे किती रोपांवर दिसतात ते. हरणं वगैरे असतील तर त्यांच्या लेंड्या वेगळ्या ओळखायला शिका, नाहीतर त्यांचं खाणं गुरांच्या नावावर जाईल.

फुलांसाठी अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट करा, प्लास्टिकच्या पाइपची किंवा काठ्या बांधून. त्याच पट्ट्यावर दर पाच मीटरवर चौकट टाकायची आणि आतली उमललेली फुलं जातीप्रमाणं मोजायची. नाव माहीत नसलं तर ‘जांभळं घंटी, केसाळ पान’ असं टोपणनाव द्या आणि फोटो काढा, नाव नंतर शोधता येतं. जात वेगळी लिहायची हे मात्र चुकवू नका. कळ्या, खाल्लेली देठं आणि फळं पण लिहा. झाडं-झुडपं मोठी असतील तर त्यांची लहान रोपं आहेत का हे बघाच, कारण कित्येक रानांत मोठी झाडं दणकून फुलतात आणि खाली एकही गुडघाभर रोप नसतं, सगळं शेळ्यांनी खाल्लेलं, म्हणजे आज माशीला मध आहे पण ही झाडं म्हातारी होऊन पडली की नाही. हा परिणाम एका सीझनच्या फुलांच्या आकड्यात कधीच दिसत नाही.

मग माश्या. अर्धा मीटर चौकटीएवढा फुललेला तुकडा निवडा, दहा मिनिटं लावा आणि फुलाला टेकणारा प्रत्येक कीटक लिहा. ब्रिटनमध्ये साधी माणसं याच दहा मिनिटांच्या पद्धतीनं मोजतात, तिथली सरकारी पाठबळाची योजना २०१७ पासून चालू आहे. प्रजाती ओळखायची गरज नाही, गट पुरे: मधमाशी, इतर रानमाशी, गांधीलमाशी, फुलपाखरू, पतंग, भुंगेरा, मुंगी, आणि दोन पंखी माश्या. या शेवटच्यांना हलक्यात घेऊ नका, काही पिवळ्या पट्ट्यांच्या आणि मधमाशीसारख्याच दिसतात, पण दोनच पंख, मोठे डोळे आणि हवेत एका जागी तरंगायची सवय. गंमत म्हणजे यांच्यातल्या काहींच्या अळ्या शेणाच्या घाण पाण्यात वाढतात, म्हणजे गुरं असली तर या वाढूही शकतात, आणि तुमचा एकूण आकडा फुगतो तर रानमाश्यांचा खाली गेलेला असतो. म्हणून एकूण बेरीज करून मोकळं होऊ नका. जवळपास मधपेट्या ठेवल्या असतील तर तेही लिहा, पेटीतल्या माश्या आकडा पार बिघडवतात.

ऊन, वारा, वेळ यांची नोंद नसेल तर त्या दिवसाचं पान फाडून टाकलेलं बरं. एकदा मी चरलेली जागा सकाळी नऊला मोजली आणि न चरलेली भर दुपारी दोनला, तिथं कोणी फिरकलंच नाही, आणि दोन दिवस मी ‘चराईमुळं माश्या वाढतात’ असं लोकांना सांगत फिरत होतो. जागांचा क्रम दर खेपेला बदला. ढगाळ, जोराच्या वाऱ्याच्या दिवशी जाऊच नका. आणि रात्री उमलणाऱ्या फुलांचा हिशोब दिवसा लागत नाही, त्यासाठी अंधार पडल्यावर लाल टॉर्च घेऊन बसावं लागतं.

फुलावर माशी आली म्हणजे बी धरलं असं नाही, यासाठी एक छोटी टेस्ट आहे. एकाच जातीच्या २० कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, २० तशाच मोकळ्या सोडा, आणि २० फुलांना दुसऱ्या झाडाचे पराग बारीक ब्रशनं स्वतः लावा. सगळ्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा, फळं धरली की मोजा. पिशवीतल्यांना बी नाही आणि मोकळ्यांना आहे, तर हे झाड कीटकांवर अवलंबून आहे. मोकळ्यांपेक्षा ब्रशवाल्यांना खूपच जास्त बी धरलं, तर तिथं पराग पोचवणारे कमी पडतायत. हीच टेस्ट चरलेल्या आणि न चरलेल्या दोन्ही जागी करा.

याचं एक भारी उदाहरण अर्जेंटिनाच्या नाहुएल हुआपी नॅशनल पार्कच्या जंगलातलं. तिथं डिएगो वास्केझ आणि डॅनियल सिंबरलॉफ यांनी २००४ मध्ये दाखवलं की अल्स्ट्रोमेरिया नावाचं रानफूल गुरांमुळं विरळ होतं, आणि झाडं विरळ झाली की फुलावर येणारा कीटक मधल्या वाटेत दुसऱ्याच जातींवर बसून येतो, त्यामुळं स्वतःच्या जातीच्या परागांचं प्रमाण घटतं आणि बी कमी धरतं. म्हणजे माशी आहे, फूल आहे, नुसतं मोजलं तर सगळं ठीक वाटेल, आणि तरी बी नाही.

कुंपणाचा प्रयोग जमला तर कराच. २ बाय २ मीटर जागा काटेरी फांद्यांनी किंवा जाळीनं बंद करा आणि शेजारीच तेवढीच उघडी जागा खुंट्या मारून ठेवा, अशा पाच-सहा जोड्या. पहिल्या वर्षी आत गवतच गवत येईल, घाई करून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन वर्षं बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एवढ्या छोट्या कुंपणानं झाडं, फुलं आणि बी यांच्याबद्दल कळतं, माश्यांच्या संख्येबद्दल नाही, कारण माशी बाहेरून उडून येते आणि आत फुलं जास्त दिसली की तिथं गर्दी करते. हा घोळ बरेच जण करतात.

आणि मोजणीआधीच ‘गुरं बंद करा’ हे उत्तर ठरवून बसू नका. इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू १९७९ मध्ये नामशेष झालं, लोकांना वाटायचं माणसं पकडून नेतात म्हणून, जेरेमी थॉमस यांनी शोधून काढलं की कारण उलटंच होतं: चराई थांबली, रोगानं ससे मेले, गवत वाढलं, जमीन थंड पडली आणि या फुलपाखराची अळी ज्या एका लाल मुंगीच्या वारुळात वाढते ती मुंगीच गेली. मग चराई परत सुरू करून, स्वीडनमधून फुलपाखरं आणून १९८३ पासून ते परत वसवलं. आपल्या उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये १९८२ ला नॅशनल पार्क झाल्यावर चराई थांबली आणि पुढं पॉलिगोनम नावाचं उंच झुडपासारखं रोप इतकं माजलं की ते उपटायच्या मोहिमा काढाव्या लागतात, काही अभ्यासक याचं कारण चराईबंदीच सांगतात, काहींना ते पटत नाही. दोन्ही माळरानाची, कुरणाची उदाहरणं आहेत, दाट जंगलाला तशीच लागू होतील असं नाही.

आकडे हातात आले की बदल छोटे करा. फुलोऱ्यापासून बी पडेपर्यंत एक तुकडा मोकळा ठेवायचा आणि दर वर्षी तुकडा बदलायचा, यानं बराच फरक पडतो. मिठाचे खडे आणि पाण्याची टाकी फुलांच्या जागेपासून लांब हलवली तर कळप आपोआप तिकडं वळतो, हाकलत बसावं लागत नाही. वाळक्या काड्या, पडलेले ओंडके साफ करू नका. मेंढ्या-शेळ्या आणि गाई एकाच तुकड्यात एकाच वेळी घालू नका. आणि जंताचं औषध, खासकरून आयव्हरमेक्टिन, दिलेल्या जनावराच्या शेणात ते काही दिवस उतरत राहतं आणि शेणातल्या अळ्या-भुंगेरे मारतं, तर डोस दिल्यावर किती दिवस जनावर रानात न्यायचं नाही ते पशुवैद्याला विचारून घ्या आणि डोसची तारीख मोजणीच्या वहीतच लिहून ठेवा.