महायुद्धात पडलेल्या पूर्वजाची सेवानोंद कशी शोधावी

शोधाची सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करावी. पहिल्या महायुद्धाचे पदक मिळाल्यास त्याची कड तिरप्या उजेडात भिंगाखाली धरावी. तिथे बहुधा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. माझ्या मते नावापेक्षा क्रमांकच अधिक भरवशाचा, कारण एका पलटणीत जाधव आणि शिंदे कितीतरी असत.

त्यानंतर, महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या ऑनलाइन नोंदींत, इंग्रजी स्पेलिंग निरनिराळ्या प्रकारे बदलून, नाव शोधावे. कबर सापडली नाही म्हणून शोध सोडू नये. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, सोबतचे सारे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने झुंज दिली आणि तिथेच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मात्र त्यांची कबर ज्ञात नाही, नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे.

हाती आलेला क्रमांक, हुद्दा आणि मृत्यूची तारीख नमूद करून, पूर्वज मराठा पलटणीतले असल्यास, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला पत्र लिहावे.