मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ ऑनलाइन गटात कसं वाचावं

बा. सी. मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) हे सौंदर्यशास्त्रावरचं पुस्तक एकट्यानं वाचायला घेतलं की ‘लय’ या शब्दापाशीच गाडं अडतं. कवितेची, गाण्याची लय आपल्याला ठाऊक असते. मर्ढेकरांना अभिप्रेत असते ती कलाकृतीच्या घटकांमधल्या संबंधांची लय, म्हणजे संवाद (घटकांचं एकमेकांशी जुळणं), विरोध आणि समतोल. शब्द रोजचा, अर्थ मात्र नवा. असं पुस्तक चारचौघांत वाचलं तरच उलगडतं, असा माझा अनुभव आहे.

आधी माणसं जमवा. सहा ते आठ पुरेत. सगळेच मराठीचे प्राध्यापक नकोत. आमच्याकडे तबला शिकणारी एक मुलगी होती आणि समतोलाविषयीचे सर्वांत नेमके प्रश्न तिचेच असत.

सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर निम्मा वेळ पान शोधण्यात जातो. मर्ढेकर १९५६ साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनावरचा हक्क २०१६ अखेर संपला. त्यामुळे मूळ मजकुराची पानं स्कॅन करून गटात पाठवायला हरकत नाही. नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना मात्र पाठवू नका.

परदेशातले मराठी लोक असतील तर शनिवारी रात्री ८ ची वेळ सोयीची. हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे २.३० आणि न्यू जर्सीत सकाळचे ९.३० वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा नवी वेळ आठवणीनं कळवा. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, हेही धरून चाला.

आता मुख्य काम. बैठकीत पुस्तक मोठ्यानं वाचा. ‘सगळ्यांनी घरून वाचून या’ एवढ्यावर भागत नाही, कारण निम्मे वाचून येत नाहीत आणि मग एखादा जाणकार व्याख्यान देत बसतो. आमच्या पहिल्या दोन बैठका अशाच गेल्या. एकेक करून कॅमेरे बंद झाले. तिसऱ्या वेळेपासून आम्ही एकच परिच्छेद वाचू लागलो. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं पुस्तकाकडे न पाहता आपल्या शब्दांत सांगायचा, तिसऱ्यानं काय सुटलं ते दाखवायचं. तासाभरात दोन-तीन पानं होतात. तेवढी भरपूर झाली.

आणि प्रत्येक संकल्पना कवितेवर घासून पाहा. मर्ढेकरांच्याच ओळी घ्या:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

‘माना पडल्या’ दोनदा येतं आणि दोन्हीकडे शेवटी ‘-विण’ आहे. हा संवाद. पण ओठांवर ओठ मिळणं ही प्रणयाची खूण, आणि इथे ते ओठ मेलेल्या उंदरांचे. हा विरोध. मग समतोल कशात आहे? या एका प्रश्नावर आमचा पूर्ण तास गेला, आणि ‘लय’ म्हणजे काय हे त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागलं. एवढं कोणतंही भाष्य देत नाही.

शब्दांची एक सामायिक वही गूगल डॉक्सवर ठेवा. ‘भावनानिष्ठ समतानता’ असा शब्द आला की पान क्रमांक, मूळ वाक्य आणि गटाला आज लागलेला अर्थ तारखेसह लिहा. महिन्याभरानं अर्थ बदलला तर जुना खोडू नका, खाली नवा लिहा.

पुस्तक अर्धं झाल्यावर विरुद्ध मत असणाऱ्यांना हाताशी घ्या, त्याआधी नको. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकर यांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मोठी आहे, तिच्यातला गरजेपुरता भाग निवडा. कवी-समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध साहित्याच्या मूल्याचा विचार ‘मानुषता’, म्हणजे माणूसपण, धरून करतात. त्यांना मर्ढेकरांसमोर उभं केलं की गप्प बसणारेही बोलू लागतात. वाद तापला तर एकच नियम लावा: आपलं म्हणणं ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्य आधी वाचून दाखवायचं.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पुढच्या वेळी कोण वाचणार, कोणत्या पानापासून आणि कविता कोण आणणार, हे तिथल्या तिथे ठरवून व्हॉट्सॲप गटावर टाका.