गॅलरीतल्या झाडांवर उगाच उपचार करताय? या चुका टाळा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत झाडाचं पान जरा मान टाकू लागलं की दोनच औषधं ठरलेली: मगभर पाणी, नाहीतर चमचाभर खत. मीही त्यातलाच. पण झाड पुष्कळदा धडधाकट असतं आणि उजेड, अंधार, पाणी यांना आपल्या संप्रेरकांनी (हार्मोन्सनी) उत्तर देत असतं. आपण ते उत्तरच रोग समजतो.

माझी फजिती शेवंतीने केली. शेणखत, पाणी, सगळं वेळेवर. तरी डिसेंबर उजाडला आणि नुसती पानंच पानं. कुंडी ग्रीलच्या टोकाला आणि समोर रस्त्यावरचा एलईडी दिवा रात्रभर सुरू! शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग अंधार लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. तिची पानं हा फरक ओळखतात. रात्र पुरेशी लांबली की फ्लोरिजेन नावाचा निरोप शेंड्याकडे धाडतात. दिव्यापायी तो निरोप निघालाच नव्हता. (फूलशेतीवाले बहर पुढे ढकलायचा असेल तेव्हा मुद्दाम रात्री बल्ब लावतात.) मग रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचं, सकाळी सातला काढायचं. घरच्यांनी भरपूर थट्टा केली, पण जानेवारीत मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या.

जुलैतल्या टोमॅटोची गंमत वेगळी. पानं खाली लोंबतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. आधी पान बोटांत धरून बघा. तहानलेलं पान मऊ पडतं. हे मात्र ताठ असतं आणि देठापासून खाली वळलेलं. कुंडीत पाणी तुंबलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही, तिथे इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा कच्चा माल तयार होतो, तो वर पानांत जाऊन इथिलीन होतो आणि देठाची वरची बाजू जास्त वाढून पान खाली वळतं. उपाय म्हणजे पाणी बंद, कुंडीखालची ताटली काढा, तळाचं भोक काडीने मोकळं करा.

रोप खिडकीकडे झुकलं की काठी बांधायची घाई नको. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880मध्येच दाखवलं होतं की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही. टोकाकडून येणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साचतं आणि ती बाजू अधिक लांबते. दर आठवड्याला कुंडी पाव फेरी फिरवा, झालं.

तुळस एकाच दांडीवर उंच जाते, कारण शेंड्यातलं ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा आणि मंजिऱ्या खुडा. आमच्या आईला तुळशीला नख लावणं पटत नाही, म्हणून ते काम मी ती बाजारात गेली की उरकतो.

आणि मे महिन्यात वाशीहून हापूसची पेटी आली की अढीशेजारची ऑर्किडची कुंडी आधी हलवा. पिकत्या आंब्यातून इथिलीन निघतं आणि ऑर्किडची उमललेली फुलं त्याने वेळेआधीच कोमेजतात.